अण्णांचा म्हातारा

उन्हाळ्याच्या सुट्टीत बार्शीला पोचलो की पहिल्या रात्री हा प्रश्न ठरलेला असायचा. माळवदावर पाणी शिंपडून अंथरुणं पडलेली, माई तांब्या-भांडं घेऊन जिना चढतायत, आणि आमच्यातलं कुणीतरी विचारतंय, "अण्णा, तुमचा म्हातारा किती वर्षांचा झाला?"

अण्णा अडकित्त्यानं सुपारी कातरता कातरता आकडा सांगायचे. 1965 च्या उन्हाळ्यात तो 102 होता. पुढच्या उन्हाळ्यात 103.

"आणि अजून पोरांना शिकवतो?"

"शिकवतो तर. मैदानात उभा राहून शिकवतो."

आम्ही पोटं धरून हसायचो. एकदा मधल्या चुलतभावानं वकिली काढली. "अण्णा, दर उन्हाळ्यात तुमचा म्हातारा बरोब्बर एका वर्षानं कसा वाढतो?"

"माणसं वाढतातच, गाढवा," अण्णा म्हणाले. "तू नाही वाढलास?"

अण्णा म्हणजे माझे आजोबा. बार्शीच्या एका शाळेत ड्रिलमास्तर होते. ड्रिलमास्तर म्हणजे शाळेतला असा प्राणी, की ज्याच्या तासाला गणिताचे मास्तर हक्कानं पोरं मागून नेतात. पण अण्णांचा रुबाब वेगळा होता, कारण ते मद्रास रिटर्न होते. 1936 साली पंचक्रोशीतलं कुणी व्यायाम शिकायला गाव सोडून जाईल यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. व्यायाम काय शिकायचा असतो? तालमीत जावं, जोर काढावेत. तरी अण्णा गेले. बार्शी लाइटनं कुर्डुवाडी, तिथून मद्रास मेल, बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. सैदापेठला अड्यार नदीच्या काठी वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज होतं. ते 1920 साली सुरू करणारे हॅरी क्रो बक अजून तिथेच होते. अण्णांच्या तोंडी ते कायम 'बकसाहेब'. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकला जो मूठभर भारतीय संघ गेला, त्याच्याबरोबर हे बकसाहेब होते. ते स्वतः शिकलेले अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए कॉलेजात. आणि त्या स्प्रिंगफील्डात त्यांच्या आधी केव्हातरी एक स्टॅग नावाचा माणूस शिकवून गेला होता.

आमोस अलोन्झो स्टॅग. अण्णांचा म्हातारा तो हाच.

त्याच्या गोष्टी अण्णांना खुद्द बकसाहेबांनी सांगितल्या की हॉस्टेलमधल्या कुणी वरच्या वर्गातल्यानं, हे अण्णांनी कधी नीट सांगितलं नाही. गोष्ट स्प्रिंगफील्डहून मद्रासला, मद्रासहून बार्शीला आणि बार्शीच्या माळवदावरून आमच्या कानात अशी येईतो तिचं काय काय झालं असेल, देव जाणे. अण्णा 1971 च्या हिवाळ्यात गेले. मला पुढे चाळिशीत त्यांच्या गोष्टी तपासून बघायचा नाद लागला. पुस्तकं मिळत गेली, नंतर शिकागोला पुतणीकडे जाणं झालं. तपासता तपासता एक गंमत लक्षात आली. अण्णांच्या ज्या गोष्टींना आम्ही थापा म्हणून हसलो, त्या बहुतेक खऱ्या निघाल्या. ज्या मुकाट्यानं पटल्या होत्या, त्यांतच भेसळ होती.

उदाहरणार्थ, बास्केटबॉल स्टॅगनं काढला, असं अण्णा सांगायचे. आम्ही मान डोलवायचो. कुणीतरी काढला असणारच. पण तो काढला जेम्स नाइस्मिथनं, स्प्रिंगफील्डला, 1891 च्या डिसेंबरात. स्टॅग तेव्हा तिथे शिकवत होता आणि त्यानं जमवलेल्या फुटबॉलच्या संघात हाच नाइस्मिथ खेळत होता. पुढच्या मार्चच्या 11 तारखेला मास्तर विरुद्ध विद्यार्थी असा सामना लोकांपुढे झाला. विद्यार्थी 5, मास्तर 1. मास्तरांकडून तो एकुलता एक चेंडू टोपलीत टाकणारा होता स्टॅग. म्हणजे अण्णांची गोष्ट खोटी, पण खोटेपणाची वाट खऱ्याच्या अंगणातून जाणारी.

फुटबॉलचंही सांगायला हवं, नाहीतर घोटाळा होईल. हा फुटबॉल पायानं खेळायचा नव्हे. लांबट चेंडू काखेत मारून समोरच्यांच्या भिंतीतून घुसायचं, त्यांनी तुम्हाला मिठी घालून आडवं करायचं. अण्णा म्हणत, "हुतुतूच, फक्त चेंडू घेऊन." ही उपमा अगदी बरोबर नाही, पण आम्हा पोरांना यापेक्षा चांगली कुणी देऊ शकलं नसतं.

स्टॅगचा जन्म 16 ऑगस्ट 1862 चा, न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजचा. बाप जोडे शिवायचा, पोरं पुष्कळ, घरात पैसा नाही. शाळा संपवायलाच त्याला विशी उलटली. एक्झिटर नावाच्या गावच्या शाळेत असताना तो माळ्यावरच्या बिनशेगडीच्या खोलीत राहिला आणि बराच काळ बिस्किटं, शिळा पाव, दूध यांवर काढला. मग येल विद्यापीठ. तिथे बेसबॉलचा असा काही गोलंदाज झाला की धंदेवाईक संघ पैशाची थैली घेऊन मागे लागले. तो गेला नाही. त्याला पाद्री व्हायचं होतं. धर्मशास्त्राचे धडे घेतले आणि मग ध्यानात आलं की आपल्याला चारचौघांत उभं राहून बोलताच येत नाही. प्रवचन करता येत नाही तो पाद्री कसला. म्हणून मैदान.

'बाप जोडे शिवायचा' हे अण्णांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. ते मला कळलं बार्शीत, आणि तेही स्टॅगचं पुस्तक वाचण्याच्या आधी. अण्णांचे एक जुने विद्यार्थी, पोस्टातून निवृत्त झालेले, दिवाळीत माझ्या काकांकडे आले होते. फराळाच्या बशीतला लाडू तसाच ठेवून ते म्हणाले, "मास्तरांनी मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. अमेरिकेतला सगळ्यात मोठा मास्तर आहे, त्याचा बाप तुझ्या बापासारखाच जोडे शिवायचा." त्यांच्या वडिलांचं दुकान पांडे चौकाच्या अंगाला होतं. शाळेत पाण्याचा माठ वेगळा होता. कागदोपत्री नव्हता, पण होता. मास्तरांनी हे सांगितलं त्या वर्षी हे गृहस्थ तालुक्याच्या सामन्यांत लांब उडीत पहिले आले.

मी त्यावर बराच विचार केला आहे. वेस्ट ऑरेंजमध्ये जोडे शिवणं हा धंदा होता. बापानं केला, मुलानं सोडला, संपलं. बार्शीत ती जात होती. धंदा सोडून पोस्टात गेलं तरी ती सुटत नव्हती. हा फरक अण्णांना माहीत नव्हता असं कसं म्हणू? माठ ते रोज बघत होते. त्यांनी माठ हलवला नाही, गोष्ट सांगितली. मी हे पोस्टातल्या काकांना बोलून दाखवलं तेव्हा ते हसले आणि मग लाडू खाल्ला. "माठ कुणीच हलवला नाही हो," म्हणाले. "गोष्ट तरी कुणी सांगितली?"

आता 'गाढव'. अण्णा दारूला शिवले नाहीत, बिडीला शिवले नाहीत आणि शिवी म्हणून त्यांच्या तोंडात एकच शब्द. पोरगं एकदा चुकलं की 'गाढव', पुन्हा चुकलं की 'दुप्पट गाढव'. ही पदवी वर्गात मानाची मानली जायची. तिप्पट गाढव झालेले दोन-तीनच होते आणि ते पुढे कौतुकानं सांगायचे. आम्हाला वाटायचं, हे अण्णांचं स्वतःचं. नाही! शिकागोच्या मैदानावर स्टॅग खेळाडूंना हेच म्हणायचा. दारू नाही, तंबाखू नाही, अभद्र शब्द नाही. राग अनावर झाला की 'गाढव', मग 'दुहेरी गाढव', आणि चढत्या भाजणीनं पुढे. त्याचे खेळाडू चेष्टेनं म्हणत, की सराव संपेपर्यंत मैदानात माणूस उरत नाही, सगळे चरायला लागलेले असतात. साता समुद्रापलीकडची शिवी बार्शीत येऊन आमच्या अंगावर पडत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

तसंच पोत्याचं. शाळेच्या मैदानाच्या कडेला लिंबाच्या फांदीला भुसा भरलेलं एक पोतं दोरानं टांगलेलं असायचं. हुतुतूची पोरं पळत येऊन त्याला कमरेखाली कवळा घालायची. पोतं गरगरा फिरायचं, पोरगं फुफाट्यात. पावसाळ्यात ते काढून शाळेच्या पडवीत ठेवायचे आणि त्यात उंदीर व्हायचे. गावात त्याला 'मास्तरांचा गडी' म्हणत. ही युक्तीही तिकडचीच. येलला असताना स्टॅगनं गादी गुंडाळून टांगली आणि तिला मिठ्या मारून पोरांना पाडायला शिकवलं. पुढे फुटबॉलच्या सगळ्या मैदानांवर जे बाहुलं आलं त्याचं श्रेय त्याला देतात. शिवाय डाव सुरू व्हायच्या आधी डोकी जुळवून घोळका करणं, पाठीवर आकडे लावणं, बेसबॉलच्या सरावाचा जाळीचा पिंजरा, अशी बरीच यादी त्याच्या नावावर आहे. त्यातलं सगळंच पहिलंवहिलं असेल असं मला वाटत नाही. एकाच वेळी चार गावांत चार माणसांना सुचलेलं नंतर त्यातल्या सगळ्यात जास्त जगलेल्याच्या नावावर चढतं.

शिकागो विद्यापीठ 1892 च्या ऑक्टोबरात उघडलं. पैसा रॉकफेलरचा, डोकं विल्यम रेनी हार्परचं. हा हार्पर येलला हिब्रू शिकवायचा, स्टॅगचा मास्तर. त्यानं आपल्या विद्यार्थ्याला बोलावून घेतलं आणि नुसता व्यायामाचा मास्तर नव्हे, तर सहयोगी प्राध्यापक केलं. वर्षाला 2,500 डॉलर आणि नोकरी कायम. अमेरिकेत मैदानावरच्या माणसाला असा मान तोवर कुणी दिला नव्हता. हे वाचताना मला अण्णांच्या शाळेतली शिक्षकांची खोली आठवली. त्या खोलीत अण्णांची खुर्ची दाराजवळ, घंटेखाली.

पहिल्या हंगामात संघ भरेना, तेव्हा तिशीचा स्टॅग स्वतः खेळायला उतरला. मैदान नव्हतं, तर दुकानदार मार्शल फील्डच्या जागेवर पोरांना घेऊन कुंपण ठोकलं. 1894 च्या नाताळात तो संघ आगगाडीत घालून थेट पॅसिफिकच्या किनाऱ्याला गेला आणि स्टॅनफर्डशी खेळून आला. 1910 साली विद्यापीठाचा बेसबॉल संघ जपानला. पाठीचं दुखणं बळावलं तेव्हा विजेवर चालणाऱ्या मोटारीत बसून तो सराव घ्यायचा. त्याचा फोटो आहे, टोपी डोळ्यांवर ओढलेला. सामन्यातली एकूण एक चाल कागदावर टिपायला त्याची बायको स्टेला बसलेली असायची. ती शिकागोचीच विद्यार्थिनी, 1894 साली लग्न झालेलं. अण्णांच्या गोष्टीत मात्र स्टेला कधी आली नाही. माईंनी शाळेच्या अख्ख्या संघाच्या फाटक्या चड्ड्या रात्री कंदिलापाशी बसून शिवल्या, त्याही कुणाच्या गोष्टीत आल्या नाहीत.

अण्णांच्या गोष्टीत आणखी काय नव्हतं? डाग नव्हते. हार्परला आपलं कोरं विद्यापीठ देशाला ठाऊक करायचं होतं आणि फुटबॉलसारखी दवंडी दुसरी नव्हती. मैदानावर माणसं येऊ लागली, तिकिटं खपू लागली. स्टॅग तोंडानं हौशी खेळाचं सोवळं सांगायचा, पैशासाठी खेळणाऱ्यांना नाकं मुरडायचा आणि त्याच वेळी चांगली पोरं आपल्याकडे ओढायला मागेपुढे बघत नव्हता. त्याचा सगळ्यात लाडका खेळाडू वॉल्टर एकरसॉल. हडकुळा, वाऱ्यासारखा, लाथ मारली की चेंडू नजरेआड. अभ्यासाच्या नावानं पूज्य. हंगाम होते तोवर तो विद्यार्थी होता. हंगाम संपले, पदवी न घेताच बाहेर पडला. हे वाचल्यावर मला अण्णांचा थोडा राग आला. मग आठवलं की शाळेच्या हुतुतूच्या संघातली दोन पोरं सातवीत तीन-तीन वर्षं होती.

त्या एकरसॉलच्याच काळातला एक सामना. 30 नोव्हेंबर 1905, शिकागो विरुद्ध मिशिगन. मिशिगनचा मास्तर फील्डिंग योस्ट, आणि त्याचा संघ 56 सामने हरलेला नव्हता. 27,000 माणूस थंडीत कुडकुडत बसलेलं. दोन्हीकडून एक गुण निघेना. शेवटाकडे एकरसॉलनं चेंडू लांब लाथाडला, तो मिशिगनच्या गोलरेषेच्या मागे डेनी क्लार्क नावाच्या पोराच्या हातात गेला. तो तिथेच बसला असता तरी चाललं असतं. पण पोरगं अंगात वारं भरलेलं. चेंडू घेऊन पळत सुटलं, रेषेच्या बाहेर आलंही, आणि शिकागोच्या पोरांनी त्याला उचलून रेषेच्या आत मागे नेऊन टाकलं. स्वतःच्या रेषेमागे पकडला गेला की समोरच्याला 2 गुण. सामना 2-0. त्या अख्ख्या हंगामात मिशिगननं 495 गुण केले होते, आणि त्यांच्यावर चढले ते हे दोन.

हा सामना अण्णा माळवदावर उभे राहून करून दाखवायचे. मी डेनी क्लार्क, चुलतभाऊ शिकागो, उशी चेंडू. मला उचलून मागे टाकलं की सगळे ओरडायचे. क्लार्कचं पुढे काय झालं हे अण्णांना माहीत नव्हतं. त्या दोन गुणांनी त्याचा पिच्छा सोडला नाही. 1932 साली त्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली, आणि मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्या सामन्याचा विषय होता. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटलं आणि बरेच दिवस उघडलं नाही.

त्याच 1905 च्या हंगामात देशभरात मैदानांवर 18-19 मुलं दगावली. तेव्हा चेंडू पुढे फेकायला मनाई होती. सगळ्यांनी एकमेकांच्या हातांत हात गुंफून, मुसंडी मारून एका जागी घुसायचं, आणि खाली सापडेल त्याची हाडं जातील. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनं हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसवर बोलावून समज दिली. दुसऱ्या वर्षी नियम बदलले, चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. जुन्या मास्तरांनी नाकं मुरडली. स्टॅगनं मात्र तो डाव उचलला आणि पोरांना फेकायच्या नाना तऱ्हा शिकवल्या. पोरं मेली तेव्हा तोही याच खेळाचा मोठा मास्तर होता, हे मात्र कुठल्याही डावानं पुसलं जात नाही.

1932 साली स्टॅग 70 वर्षांचा झाला. विद्यापीठाचा नियम 70 चा. 41 हंगाम झाले होते, मैदानाला जिवंतपणीच त्याचं नाव दिलेलं होतं. मानाची एखादी खुर्ची घेऊन स्वस्थ बसावं, असं त्याला सुचवण्यात आलं. त्यानं ती नाकारली आणि बिऱ्हाड बांधून कॅलिफोर्नियात स्टॉकटनला गेला. कॉलेज ऑफ द पॅसिफिक नावाच्या लहानशा कॉलेजात पुन्हा पहिल्यापासून.

अण्णा निवृत्त झाले 1966 त, 58 व्या वर्षी. हार-तुरे झाले, स्टेनलेसचा तांब्या मिळाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ते नेहमीसारखे शिट्टी गळ्यात घालून शाळेच्या मैदानावर गेले. तिथे नवे तरुण सर होते. आठवडाभरानं शाळेकडून चिठ्ठी आली, की संस्थेच्या मैदानावर परवानगीवाचून कुणी शिकवू नये. अण्णांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवली. लिंबाचं पोतं मात्र ते जाऊन सोडवून घेऊन आले, भर रस्त्यानं, खांद्यावर टाकून. ओढ्याच्या अंगाला मोकळं रान होतं, तिथल्या बाभळीला ते बांधलं. पाच-सात पोरं यायची. कधी दोन. आम्ही सुट्टीत असलो की आम्हाला धरून आकडा बरा दिसायचा.

म्हणून मला हळहळ वाटते, की 1938 चा सामना अण्णांना कळला नाही. त्यांना बकसाहेबांकडचं 1936 पर्यंतचं माहीत; पुढचं त्यांनी मनानंच चालवलेलं. 12 नोव्हेंबर 1938 ला स्टॅग आपल्या पॅसिफिकच्या पोरांना घेऊन शिकागोला आला. वय 76. ज्या मैदानाचं कुंपण स्वतः ठोकलं, ज्याच्या दारावर आपलंच नाव, त्यावर तो पाहुणा संघ म्हणून उतरला. आणि पॅसिफिकनं शिकागोला 32-0 नं झोपवलं. अण्णांना हे सांगायला मिळालं असतं तर माळवदावर काय काय झालं असतं! मी तो सामना मनात कितीतरी वेळा अण्णांच्या आवाजात ऐकला आहे. त्यात पॅसिफिकचे गुण प्रत्येक वेळी थोडे वाढतात.

शिकागोच्या फुटबॉलला तोवर घरघर लागलेलीच होती. नवे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांना विद्यापीठात हा तमाशा नको होता. 1939 त मिशिगननं शिकागोला 85-0 हरवलं आणि त्या डिसेंबरात विद्यापीठानं फुटबॉल बंदच केला. मैदान ओस पडलं.

आता अण्णांची सगळ्यात मोठी थाप. "म्हाताऱ्याच्या मैदानाखाली अणुबॉम्बची चूल पेटवली," असं ते सांगायचे. हे त्यांनी युद्धानंतर केव्हातरी पेपरात वाचलं असावं. आमची हसून पुरेवाट व्हायची. मैदानाखाली चूल! वरती पोरं खेळतायत आणि खाली बॉम्ब शिजतोय! चुलतभावानं विचारलं होतं, "जळण काय घातलं, अण्णा?" अण्णा गप्प बसले होते.

जळण युरेनियम होतं. ओस पडलेल्या स्टॅग फील्डच्या पश्चिमेच्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली रॅकेटनं खेळायचं एक बंदिस्त कोर्ट होतं. तिथे एन्रिको फर्मी आणि मंडळींनी ग्रॅफाइटच्या विटांचे 57 थर रचले. ग्रॅफाइटच्या भुकटीनं माणसं कोळशाच्या वखारीतल्या हमालांसारखी काळी झालेली. 2 डिसेंबर 1942, दुपारचे 3 वाजून 25 मिनिटं. माणसानं लावलेली, आपली आपण चालणारी अणूची पहिली साखळी तिथे सुरू झाली. ती 28 मिनिटं चालू दिली आणि बंद केली. एका इटालियन बाटलीतली वाइन कागदी पेल्यांतून थोडी थोडी सगळ्यांनी घेतली. बॉम्ब तिथे झाला नाही, पण चूल तीच. अण्णांचा शब्द चुकला असं मी म्हणणार नाही.

शिकागोला गेलो तेव्हा पुतणी म्हणाली, "काका, मैदान आता नाहीये, लायब्ररी आहे." तरी चला म्हटलं. एलिस अ‍ॅव्हेन्यूवर हेन्री मूरचं ब्राँझचं शिल्प आहे, 1967 त बसवलेलं. कवटीसारखं म्हणावं तर कवटी, छत्रीसारख्या ढगासारखं म्हणावं तर ढग. बरोबर तिथेच ती चूल होती. पायऱ्या 1957 त पाडल्या. मागे रेगेनस्टाइन लायब्ररी, राखाडी दगडांची, किल्ल्यासारखी. आत पोरं लॅपटॉप उघडून, कानांत बोंडुकं घालून बसलेली. मी उगीच पायानं जमीन चाचपून बघितली. पुतणी म्हणाली, "काय शोधताय?" काय सांगणार. काही गल्ल्या पलीकडे नवं स्टॅग फील्ड आहे, लहान, धावपट्टीसकट. फुटबॉल 1969 त पुन्हा सुरू झाला, खालच्या विभागात, खेळासाठी शिष्यवृत्ती नसलेला. त्या विभागाच्या अंतिम सामन्याला 1973 पासून स्टॅगचं नाव आहे. आम्ही गेलो त्या दिवशी तिथे एक बाई कुत्रं फिरवत होती, बाकी कुणी नाही.

म्हातारा स्वतः पुढे जगतच राहिला. 1943 त, 81 व्या वर्षी, देशातल्या प्रशिक्षकांनी त्याला वर्षातला उत्तम प्रशिक्षक निवडलं. 1946 नंतर पॅसिफिकनंही त्याला बाजूला करायला घेतलं, तेव्हा तो पेनसिल्व्हेनियात मुलाबरोबर सस्क्वेहाना विद्यापीठात शिकवायला गेला. 1952 पर्यंत तिकडे. मग स्टेलाची तब्येत प्रवासाला साथ देईना म्हणून स्टॉकटनला घरी थांबला, आणि तिथल्याच लहान कॉलेजात पोरांना चेंडूला लाथ कशी मारायची ते शिकवू लागला. ते त्यानं सोडलं तेव्हा तो 98 वर्षांचा होता. विजय 314, हा आकडा 1981 पर्यंत कुणाला ओलांडता आला नाही. स्टेला 1964 त गेली. 17 मार्च 1965 ला, 102 व्या वर्षी, स्टॉकटनलाच तोही गेला.

मार्च 1965. म्हणजे आम्ही त्या उन्हाळ्यात माळवदावर "तुमचा म्हातारा किती वर्षांचा झाला" म्हणून विचारलं, तेव्हा तो जाऊन दोन महिने झाले होते.

अण्णांची सैदापेठची वही माझ्याकडे आहे. जाड पुठ्ठा, निळी शाई, इंग्रजी टिपणं, मधूनमधून लेझमीच्या हातांची आणि पिरॅमिडची चित्रं. खंडेनवमीला अण्णा कोनाड्याखाली पाट मांडून शिट्टी, घड्याळ, लेझीम, करेल्याची जोडी ठेवायचे, झेंडू वाहायचे आणि शेवटी ही वही. पूजा झाली की वहीत पेनानं काहीतरी लिहून ती मिटायचे. आम्हाला वाटायचं, श्री लिहीत असतील.

वहीच्या शेवटच्या पानावर वर मराठीत एक ओळ आहे: 'स्टॅग. अजून शिकवतो.' खाली 74, कारण तेव्हा 1936 साल. मग 75, 76, 77, स्वल्पविराम देत देत, दर दसऱ्याला एक. कुठे निळी शाई, कुठे काळी, युद्धाच्या वर्षांत पेन्सिल. 98 ला काही खूण नाही. 102 ला नाही, 103 ला नाही. अक्षर 106 पासून हललेलं आहे. शेवटचा आकडा 1971 चा, 109. त्याच्या पुढे स्वल्पविराम दिलेला आहे.